जोकिची ताकामिने

जोकिची ताकामिने (३ नोव्हेंबर १८५४ – २२ जुलै १९२२) हे जपानी रसायनशास्त्रज्ञ, संशोधक व उद्योजक होते. 'कोजी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीपासून त्यांनी 'टाका-डायस्टेज' हे पाचक विकर वेगळे काढले आणि त्यासाठी १८९४ मध्ये अमेरिकेत एकस्व (पेटंट) मिळवले. सूक्ष्मजीवापासून मिळवलेल्या विकरासाठी अमेरिकेत दिले गेलेले हे पहिले एकस्व मानले जाते. १९०० मध्ये त्यांच्या न्यूयॉर्क येथील प्रयोगशाळेत ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक प्रथमच शुद्ध स्फटिकरूपात मिळाले. आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी अमेरिकेत घालवला. औषधनिर्मिती, खतनिर्मिती आणि संशोधन संस्थांची उभारणी या क्षेत्रांत त्यांनी जपानमध्येही मोलाची भर घातली. आधुनिक जैवतंत्रज्ञान उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

बालपण व शिक्षण

ताकामिने यांचा जन्म जपानमधील ताकाओका (सध्याचा तोयामा प्रांत) येथे झाला. त्यांचे बालपण जवळच्याच कानाझावा शहरात गेले. वडील सेइइची हे कागा संस्थानाच्या माएदा घराण्याच्या सेवेतील वैद्य होते व त्यांना पाश्चात्त्य रसायनशास्त्राचीही जाण होती. आई युकिको या साके हे तांदळाचे मद्य तयार करणाऱ्या घराण्यातील होत्या. त्यामुळे एका बाजूने औषधविद्या आणि दुसऱ्या बाजूने किण्वनाची परंपरागत कला, असे दोन्ही वारसे त्यांना घरातूनच मिळाले. पुढील काळात त्यांनी केलेल्या कामात या दोहोंचा संगम दिसतो.

जपान त्या काळी अनेक शतकांच्या अलिप्ततेतून बाहेर पडत होता. पाश्चात्त्य विद्या शिकण्यासाठी कागा संस्थानाने काही निवडक मुलांना नागासाकी या बंदराच्या शहरात पाठवले. त्यांमध्ये सुमारे अकरा वर्षांच्या जोकिचीचा समावेश होता. तेथे परदेशी कुटुंबांच्या सहवासात ते इंग्रजी शिकले. पुढे ओसाका येथे त्यांनी वैद्यक व रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. वडिलांप्रमाणे वैद्य होण्याऐवजी त्यांनी रसायनशास्त्राची निवड केली. १८७९ मध्ये तोक्यो येथील शाही अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. त्यानंतर सरकारने त्यांना उच्च शिक्षणासाठी स्कॉटलंडला पाठवले. ग्लासगो विद्यापीठ आणि अँडरसन महाविद्यालय येथे शिक्षण घेऊन ते १८८३ मध्ये मायदेशी परतले.

शासकीय सेवा व खत उद्योग

जपानला परतल्यावर ताकामिने कृषी व वाणिज्य मंत्रालयात रुजू झाले. १८८४ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे भरलेल्या जागतिक कापूस प्रदर्शनात जपानचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. या प्रवासाने त्यांच्या आयुष्याला दोन प्रकारे नवे वळण दिले. प्रदर्शनात त्यांनी खतासाठी उपयोगी पडणारा फॉस्फेटयुक्त खनिज पाहिला व त्याचे नमुने मायदेशी नेले. याच शहरात त्यांची कॅरोलिन हिच यांच्याशी ओळख झाली. १८८७ मध्ये दोघांचा विवाह झाला. जपानी पुरुष व अमेरिकन स्त्री यांचा विवाह त्या काळी अत्यंत दुर्मीळ होता.

दरम्यान ताकामिने यांनी जपानच्या नव्याने स्थापन झालेल्या एकस्व कार्यालयात वरिष्ठ पदावर काम केले. एकस्व कायद्याचे येथे मिळालेले ज्ञान त्यांना पुढे स्वतःच्या संशोधनासाठी अत्यंत उपयोगी पडले. १८८७ मध्ये उद्योगपती शिबुसावा एइइची व मासुदा ताकाशी यांच्या सहकार्याने त्यांनी तोक्यो कृत्रिम खत कंपनीची स्थापना केली. फॉस्फेट खनिजावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून सुपरफॉस्फेट बनवणारा हा जपानमधील पहिला मोठा उद्योग होता.

कोजीचा अभ्यास

साके, मिसो आणि सोया सॉस या जपानी पदार्थांच्या निर्मितीचा पाया कोजी हा आहे. वाफवलेल्या तांदळावर किंवा अन्य धान्यावर ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीची वाढ केली की कोजी तयार होते. वाढताना ही बुरशी आपल्या तंतूंतून अनेक विकरे बाहेर सोडते. त्यांतील ॲमायलेज हे विकर धान्यातील पिष्टाचे शर्करेत रूपांतर करते, तर प्रोटिएज गटातील विकरे प्रथिनांचे लहान पेप्टाइडांत व ॲमिनो आम्लांत विघटन करतात. साके बनवताना यांपैकी पहिली क्रिया महत्त्वाची असते, तर सोया सॉस व मिसो यांची विशिष्ट चव मुख्यतः दुसऱ्या क्रियेतून येते.

युरोप व अमेरिकेत व्हिस्की आणि बिअर यांसाठी हेच काम माल्टकडून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीकडून करून घेतले जाते. माल्टमधील पिष्टविघटक द्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पायेन व पेरसो यांनी १८३३ मध्ये अल्कोहोलच्या साहाय्याने वेगळे करून त्यास 'डायस्टेज' हे नाव दिले होते. तोक्योमध्ये अध्यापन करणारे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲटकिन्सन यांनी १८८१ मध्ये साकेनिर्मितीच्या रसायनशास्त्रावर ग्रंथ लिहून कोजीमध्येही असाच गुणधर्म असल्याचे दाखवले होते. कोजीची पिष्टविघटनाची क्षमता माल्टच्या तोडीची किंवा त्याहून सरस ठरू शकते आणि त्यामुळे पाश्चात्त्य मद्यनिर्मितीत माल्टऐवजी कोजी वापरता येईल, असा विचार ताकामिने यांनी केला. त्यांनी महागड्या तांदळाऐवजी गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवण्याची पद्धत विकसित केली. पिठाच्या गिरण्यांत कोंडा हा दुय्यम उत्पादन म्हणून मुबलक व स्वस्त मिळत असे. माल्टसाठी बार्ली भिजवणे, मोड आणणे व भट्टीत वाळवणे ही कामे करावी लागत. कोंड्यावरील कोजी मात्र सुमारे दोन दिवसांत तयार होत असे.

पिओरिया येथील प्रयोग व अपयश

या पद्धतीत अमेरिकेतील व्हिस्की उत्पादकांच्या संघाने, म्हणजे 'व्हिस्की ट्रस्ट'ने, रस दाखवला. १८९० मध्ये ताकामिने पत्नी व दोन लहान मुलांसह अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातील पिओरिया हे शहर त्या काळी अमेरिकेच्या मद्यनिर्मितीचे मोठे केंद्र होते. तेथे त्यांच्या पद्धतीच्या मोठ्या प्रमाणावरील चाचण्या सुरू झाल्या.

या नव्या पद्धतीमुळे माल्ट उत्पादकांचा व्यवसाय धोक्यात येणार होता. त्यामुळे स्थानिक पातळीवर तिला तीव्र विरोध झाला. कारखान्यात काम करणाऱ्यांनाही परक्या देशातून आलेल्या तज्ज्ञाविषयी व त्याच्या बुरशीविषयी संशय वाटत होता. १८९१ मध्ये कारखान्याला आग लागून मोठे नुकसान झाले. ही आग विरोधकांनी लावल्याची चर्चा झाली. परंतु ते सिद्ध झाले नाही. ताकामिने यांनी काम पुन्हा उभे केले. याच सुमारास ते यकृताच्या गंभीर विकाराने आजारी पडले व उपचारांसाठी त्यांना शिकागोला न्यावे लागले. कॅरोलिन यांनी या काळात आजारी पतीची व कुटुंबाची सर्व जबाबदारी सांभाळली. पुढे व्हिस्की ट्रस्ट आर्थिक व कायदेशीर अडचणींत सापडून १८९५ मध्ये मोडकळीस आला आणि कोजीवर आधारित व्हिस्कीची योजना कायमची संपुष्टात आली. परक्या देशात, उत्पन्नाचे निश्चित साधन नसताना, ताकामिने यांना नव्याने सुरुवात करावी लागली.

टाका-डायस्टेज

मद्यनिर्मितीसाठी तयार केलेल्या कोजीतील विकर वेगळे काढून ते औषध म्हणून वापरता येईल, हे ताकामिने यांच्या लक्षात आले होते. पिष्टमय पदार्थ नीट न पचल्यामुळे होणारे अपचन ही त्या काळी डॉक्टरांकडे येणारी नित्याची तक्रार होती. मांसाच्या पचनासाठी जनावरांच्या जठरातून मिळणारे पेप्सिन औषध म्हणून प्रचलित होते. पिष्ट पचवणारी माल्टची औषधे मात्र दुर्बल होती व लवकर निष्प्रभ होत.

ताकामिने यांची शुद्धीकरणाची पद्धत पुढीलप्रमाणे होती. कोंडा वाफवून थंड केल्यावर त्यात बुरशीचे बीजाणू मिसळले जात. उबदार व दमट खोलीत बुरशीची पूर्ण वाढ झाली की कोंडा पाण्याने भिजवून त्यातील विद्राव्य द्रव्ये पाण्यात उतरवली जात. हा अर्क गाळून त्यात पुरेसे अल्कोहोल मिसळले जाई. अल्कोहोलमुळे विकरांची विद्राव्यता घटते व ती अवक्षेपाच्या रूपाने तळाशी बसतात, तर शर्करा व इतर अनेक द्रव्ये द्रवातच राहतात. अवक्षेप वेगळा करून, दाबून व कमी तापमानाला वाळवून त्याची भुकटी केली जाई. ही भुकटी कोरडी ठेवल्यास दीर्घकाळ टिकत असे. उष्णतेने विकर निष्क्रिय होत असल्यामुळे वाळवण्याच्या टप्प्यावर विशेष काळजी घ्यावी लागे.

या पद्धतीसाठी ताकामिने यांना ११ सप्टेंबर १८९४ रोजी अमेरिकेचे एकस्व मिळाले. डेट्रॉइट येथील पार्क-डेव्हिस या औषध कंपनीने १८९५ पासून हे उत्पादन 'टाका-डायस्टेज' या नावाने विक्रीस आणले. नावातील 'टाका' हा शब्द ताकामिने यांच्या आडनावातून घेतला होता. जपानी भाषेत त्याचा अर्थ 'उंच' किंवा 'श्रेष्ठ' असाही होतो. अपचनावरील औषध म्हणून टाका-डायस्टेजला मोठी मागणी आली. ताकामिने यांनी जपानमधील विक्रीचे हक्क मात्र कंपनीला न देता स्वतःकडे राखून ठेवले. जपानमध्ये हे औषध आयात करण्यासाठी १८९९ मध्ये सुरू झालेल्या सांक्यो या पेढीचे १९१३ मध्ये कंपनीत रूपांतर झाले आणि ताकामिने तिचे पहिले अध्यक्ष झाले. दाइइची सांक्यो ही आजची मोठी औषध कंपनी तिच्यातूनच पुढे उदयास आली.

प्रथिनपाचक विकरे व नंतरचे शुद्धीकरण

टाका-डायस्टेज हे एकच विकर नसून अनेक विकरांचे मिश्रण होते. अल्कोहोलमुळे ॲमायलेजबरोबर अर्कातील इतर बहुतेक प्रथिनेही अवक्षेपित होतात. त्यामुळे पिष्ट पचवणारे औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीत प्रथिने पचवणारी प्रोटिएजही होती. विकरे ही प्रथिनेच आहेत, हे ताकामिने यांच्या काळात सिद्ध झालेले नव्हते. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये युरिएजचे आणि जॉन नॉर्थ्रप यांनी १९३० मध्ये पेप्सिनचे स्फटिक मिळवल्यानंतर ही गोष्ट हळूहळू मान्य झाली.

ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी आम्लधर्मी, उदासीन व अल्कधर्मी अशा वेगवेगळ्या माध्यमांत काम करणारी प्रोटिएज तयार करते. ती एकमेकांपासून वेगळी करण्यासाठी अल्कोहोलचा एकच टप्पा पुरेसा नसतो. पुढील काळात अमोनियम सल्फेट या क्षाराचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवून वेगवेगळी प्रथिने क्रमाने अवक्षेपित करणे, अर्धपारगम्य पटलातून क्षार काढून टाकणे आणि विद्युतभारानुसार प्रथिने विभागणारी आयन-विनिमय वर्णलेखन पद्धत वापरणे, असे मार्ग रूढ झाले. प्रोटिएजच्या शुद्धीकरणात एक विशेष अडचण येते. ही विकरे मिश्रणातील इतर विकरांचे, तसेच एकमेकांचेही विघटन करतात. त्यामुळे सर्व क्रिया थंड तापमानात व माध्यमाची आम्लता नियंत्रित ठेवून कराव्या लागतात. प्रत्येक टप्प्यावर एकूण प्रथिनांच्या तुलनेत विकराची क्रियाशीलता किती वाढली, हे मोजून शुद्धता ठरवली जाते.

बाजारात सहज मिळणारी टाका-डायस्टेजची भुकटी अशा संशोधनासाठी सोयीचा कच्चा माल ठरली. जपानी जैवरसायनशास्त्रज्ञ शिरो आकाबोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातून 'टाका-ॲमायलेज ए' हे विकर स्फटिकरूपात मिळवले. १९५७ मध्ये किमिको सातो व फुजिओ एगामी यांनी तिच्यातूनच 'रायबोन्यूक्लिएज टी१' हे विकर वेगळे केले. आरएनए रेणूंच्या रचनेच्या अभ्यासात हे विकर अत्यंत उपयोगी पडले. बुरशीजन्य प्रोटिएज आज बेकरी, प्रथिनांचे जलअपघटन व पाचक औषधे यांसाठी वापरली जातात. म्युकर गटातील बुरशींपासून मिळणारे दूध साकळवणारे प्रोटिएज वासराच्या जठरातील रेनेटऐवजी चीज तयार करताना वापरले जाते. भारतातही बुरशीजन्य डायस्टेज असलेली अनेक पाचक औषधे प्रचलित आहेत.

ॲड्रेनॅलिन

टाका-डायस्टेजच्या यशानंतर ताकामिने न्यूयॉर्कला स्थायिक झाले व तेथे त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली. १८९४ मध्ये जॉर्ज ऑलिव्हर व एडवर्ड शेफर यांनी अधिवृक्क ग्रंथींच्या अर्कामुळे रक्तदाब झपाट्याने वाढतो, असे दाखवले होते. मूत्रपिंडांवर असलेल्या या ग्रंथींतील क्रियाशील द्रव्य शुद्ध करण्यासाठी अनेक देशांत स्पर्धा सुरू झाली. अमेरिकेत जॉन जेकब एबल यांनी 'एपिनेफ्रिन' नावाचे द्रव्य मिळवले होते. परंतु ते मूळ द्रव्याचे रासायनिक रूपांतर होते. पार्क-डेव्हिस कंपनीने हे काम ताकामिने यांच्याकडे सोपवले.

१९०० मध्ये जपानहून आलेले तरुण रसायनशास्त्रज्ञ केइझो उएनाका ताकामिने यांचे साहाय्यक झाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात उएनाका यांनी केलेल्या प्रयोगांतून हे द्रव्य स्फटिकरूपात मिळाले. ताकामिने यांनी त्याला 'ॲड्रेनॅलिन' असे नाव दिले, नोव्हेंबर १९०० मध्ये एकस्वासाठी अर्ज केला आणि १९०१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. पार्क-डेव्हिसमधील टॉमस ऑल्ड्रिच यांनीही स्वतंत्रपणे हे द्रव्य वेगळे करून त्याचे अचूक रेणुसूत्र सुचवले. शुद्ध स्वरूपात मिळालेले हे पहिले संप्रेरक होय. 'हॉर्मोन' ही संज्ञा त्यानंतर, १९०५ मध्ये, रूढ झाली. रक्तवाहिन्यांचे आकुंचन करून रक्तस्राव थांबवण्याच्या गुणधर्मामुळे ॲड्रेनॅलिनचा शस्त्रक्रियेत तातडीने वापर सुरू झाला. दम्याचा झटका, तीव्र ॲलर्जी व हृदयक्रिया बंद पडणे यांसाठी ते आजही जीवरक्षक औषध आहे.

श्रेयाचे वाद

ॲड्रेनॅलिनच्या शोधावरून दोन प्रकारचे वाद निर्माण झाले. पहिला वाद श्रेयाचा होता. ताकामिने यांनी एबल यांच्या प्रयोगशाळेला भेट दिली होती. त्यामुळे त्यांनी एबल यांच्या कामाचा कितपत आधार घेतला, असा प्रश्न पुढे उपस्थित झाला. उएनाका यांची प्रयोगवही जपानमध्ये जतन झाली असून तिच्यातील नोंदींवरून स्फटिकीकरण ताकामिने यांच्या प्रयोगशाळेतच स्वतंत्रपणे झाल्याचे दिसते. मात्र याच वहीमुळे दुसरी बाजूही स्पष्ट होते. निर्णायक प्रयोग उएनाका यांच्या हातून झाले होते. तरीही एकस्वावर व मूळ शोधनिबंधांवर केवळ ताकामिने यांचेच नाव होते. उएनाका यांच्या योगदानाची दखल पुढे बऱ्याच काळाने घेतली गेली.

दुसरा वाद कायदेशीर होता. निसर्गात आढळणाऱ्या द्रव्याचे एकस्व देता येते का, हा प्रश्न पार्क-डेव्हिस विरुद्ध मलफर्ड या खटल्यात उभा राहिला. १९११ मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी ताकामिने यांच्या एकस्वांच्या बाजूने निकाल दिला. ग्रंथीतील अशुद्ध मिश्रणाहून शुद्ध केलेले द्रव्य व्यवहारात व उपचारांत वेगळे ठरते, असे या निकालाचे सूत्र होते. जैविक द्रव्यांच्या एकस्वांसाठी हा निकाल अनेक दशके आधारभूत मानला गेला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक डीएनएबाबत वेगळा निर्णय देऊन ही भूमिका मर्यादित केली. 'ॲड्रेनॅलिन' हे पार्क-डेव्हिसचे व्यापारी नाव असल्याने अमेरिकेत 'एपिनेफ्रिन' हे नाव रूढ झाले, तर युरोपात 'ॲड्रेनॅलिन' टिकले. जपानच्या अधिकृत औषधसंहितेत २००६ मध्ये 'ॲड्रेनॅलिन' हे नाव मुख्य नाव म्हणून स्वीकारण्यात आले.

जपान व अमेरिका संबंध

एकस्वांच्या उत्पन्नामुळे ताकामिने संपन्न झाले. त्यांनी या संपत्तीचा व प्रतिष्ठेचा उपयोग दोन्ही देशांतील संबंध सुधारण्यासाठी केला. अमेरिकेत जपानी स्थलांतरितांविरुद्ध वातावरण तापत असलेल्या या काळात त्यांनी १९०५ मध्ये न्यूयॉर्क येथे निप्पॉन क्लबच्या स्थापनेत पुढाकार घेतला व जपान सोसायटीच्या उभारणीतही भाग घेतला. १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनातील जपानी दालनाची इमारत त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील आपल्या उन्हाळी निवासासाठी हलवून घेतली. तत्कालीन कायद्यानुसार जपानी स्थलांतरितांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकत नसल्याने ताकामिने अखेरपर्यंत जपानचेच नागरिक राहिले.

वॉशिंग्टन शहराला चेरीची झाडे भेट देण्याच्या योजनेतही त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. १९१० मध्ये आलेली २,००० झाडे कीड व रोग आढळल्याने जाळून टाकावी लागली. त्यानंतर तोक्यो शहराच्या वतीने पाठवलेल्या ३,०२० झाडांची लागवड मार्च १९१२ मध्ये सुरू झाली.

अखेरची वर्षे

१९१२ मध्ये ताकामिने यांना जपानच्या शाही अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९१३ मध्ये जपानच्या भेटीवर असताना त्यांनी देशात मूलभूत संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था हवी, अशी भूमिका मांडली. जपानने केवळ परदेशी तंत्रज्ञानाचे अनुकरण करू नये, असा त्यांचा आग्रह होता. शिबुसावा यांच्यासारख्या उद्योगपतींच्या पाठिंब्याने १९१७ मध्ये 'रिकेन' ही संस्था स्थापन झाली. ती आज जपानमधील अग्रगण्य संशोधन संस्थांपैकी एक आहे. ॲल्युमिनियम उत्पादनासाठी कुरोबे नदीवर जलविद्युत प्रकल्प उभारण्याच्या योजनेलाही त्यांनी चालना दिली.

२२ जुलै १९२२ रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या ६७ व्या वर्षी ताकामिने यांचे निधन झाले. ब्रॉन्क्समधील वुडलॉन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

ताकामिने यांनी शतकानुशतके चालत आलेल्या किण्वनकलेतील एका बुरशीला कारखान्यात व औषधशास्त्रात स्थान मिळवून दिले. ज्या व्हिस्की उद्योगासाठी ते अमेरिकेला गेले, तेथे त्यांची पद्धत टिकली नाही. परंतु घन माध्यमावर बुरशी वाढवून विकरे मिळवण्याची त्यांची पद्धत औद्योगिक विकरनिर्मितीचा एक प्रमुख मार्ग बनली. ॲस्परजिलस ओरायझीच्या जनुकसंचाचा पूर्ण क्रम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये जपानच्या मद्यनिर्मितीशास्त्र संस्थेने कोजी बुरशीला 'राष्ट्रीय बुरशी' म्हणून घोषित केले. ताकाओका व कानाझावा या दोन्ही शहरांत ताकामिने यांच्या स्मृती जतन केल्या आहेत.